मैदानावर घेतलेला इतिहासाचा तास

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी आठवणी लिहून द्या, असा निरोप आला. स्नेहसंमेलनं, सहली, कवायतीची बक्षिसं यांवर बाकीचे लिहितीलच. मला मात्र एका तासाबद्दलच लिहायचं आहे.

जुनी अकरावी जाऊन दहावीची बोर्डाची परीक्षा आली, त्यानंतरच्या सुरुवातीच्या तुकड्यांतले आम्ही. त्या वर्षी आठवीत होतो. जुलै महिना, लावणीचे दिवस. निम्मा वर्ग शेतावर गेलेला. पावसानं जरा उघडीप दिली होती. इतिहासाचे सर वर्गात आलेच नाहीत, दारातूनच म्हणाले, "चला रे, सगळे मैदानावर."

त्यांनी दहा मुलं निवडून एका ओळीत उभी केली. मी डावीकडून तिसरा. "ही फौजेतली एक सेक्शन. साधारण एवढीच माणसं असतात, लढाईत बहुधा याहून कमीच. हिच्या म्होरक्याला नाईक म्हणतात." टोकाला उभा असलेला आमचा सगळ्यात अबोल मित्र नाईक झाला. शिट्टी वाजली की सर ज्याच्याकडे बोट दाखवतील त्यानं खाली बसायचं, एवढाच नियम.

पहिल्या तीन-चार शिट्ट्यांना आम्ही हसत होतो. चिखलात बसायचं म्हणून कुरकुरतही होतो. पाचवी माझी होती. बसल्यावर वर पाहिलं तर ओळीत मोठ्या फटी पडलेल्या, आणि मग कोणी हसेना. नऊ शिट्ट्या झाल्या. आमचा नाईक एकटा उभा राहिला. सरांनी त्याला विचारलं, "आता तू काय करशील?" त्यानं उत्तर दिलं नाही. तो आमच्याकडे, खाली बसलेल्यांकडे बघत राहिला. सर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आपल्या माणगाव तालुक्यातला एक मुलगा अशा वेळी पुढे धावला. आज त्याची तारीख आहे."

१० जुलै. पळसगावचे नाईक यशवंत घाडगे, पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन. त्या दिवशी, १९४४ साली, दुसऱ्या महायुद्धात, इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या कंपनीनं शत्रूच्या पक्क्या ठाण्यावर हल्ला चढवला. घाडग्यांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. त्यांच्याखेरीज सगळे ठार किंवा जखमी. मागे आता कोणी नाही, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. ते टॉमीगन, म्हणजे हातातली छोटी मशीनगन, चालवत सरळ त्या मशीनगनवरच धावून गेले. पहिल्यांदा हातबाँब फेकला, त्यानं मशीनगन आणि ती चालवणारा, दोन्ही गारद झाले. मग एकाला गोळी घातली. टॉमीगनमधल्या गोळ्या संपल्या आणि मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची डबी, बदलायला वेळ नव्हता. तेव्हा बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना त्यांनी दस्त्यानं मारून संपवलं. ठाणं हाती आलं. पण लपून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागल्या, आणि जिंकलेल्या त्याच जागेवर त्यांनी प्राण सोडले. त्याच वर्षी २ नोव्हेंबरला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक, जाहीर झाला.

सरांनी पदकाच्या मानपत्राचा मजकूर स्वतः मराठीत उतरवून आणला होता. "मॅगझिन बदलायला वेळ नव्हता" हे वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. मग फळ्याशिवायच गणित घातलं: जन्म १६ नोव्हेंबर १९२१, मृत्यू १० जुलै १९४४, वय किती? बावीस वर्षं पूर्ण, तेविसावं चालू. आमच्यातल्या कित्येकांचे थोरले भाऊ तेवढे होते.

पुढे अनेक भाषणांत हा प्रसंग फुगवून सांगितलेला ऐकला. कोणी पन्नास शत्रू मारवले, कोणी शंभर. मला ते सहन होत नाही. मशीनगनवर चार माणसं होती, आणि समोर एकटा गडी. त्याला एका माणसाचीही भर घालायची गरज नाही.

त्या तासाला एका मुलानं उठून विचारलं, "पण सर, ते इंग्रजांकडून लढले ना?" सर रागावतील असं वाटलं, पण ते त्याला म्हणाले, "चांगलं विचारलंस." आणि महाडचं सांगितलं. सप्टेंबर १९४२ मध्ये, 'चले जाव'च्या चळवळीत, आपल्या शेजारी, महाडच्या कचेरीवर मोर्चा गेला, गोळीबार झाला, पोरं पडली. आणि दोनच वर्षांनी आपल्याच भागातला हा मुलगा इटलीत पडला. "याच मातीतली, याच वयाची पोरं. एकाला मोठं करायला दुसऱ्याला लहान करू नका. ज्यानं त्यानं आपला शब्द कुठवर पाळला ते बघा." इतक्या वर्षांत याहून चांगलं उत्तर मला कोणाकडून मिळालेलं नाही.

त्याच मराठा रेजिमेंटमधल्या, नगर जिल्ह्यातल्या नामदेव जाधवांनाही पुढच्या एप्रिलमध्ये इटलीतच, सेनिओ नदीवर केलेल्या पराक्रमाबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते परत आले, पुढे कितीतरी वर्षं जगले. घाडगे आलेच नाहीत. त्यांची ओळखता येणारी समाधीही तिकडे नाही. कॅसिनोच्या युद्धस्मशानात हिरव्या संगमरवराचे उंच खांब आहेत. जे पडले पण ज्यांची जागा सापडली नाही अशा चार हजारांहून अधिक सैनिकांची नावं त्यांवर कोरली आहेत, त्यांत घाडग्यांचं एक. इटलीच्या त्या मोहिमेत ५,७८२ भारतीय जवान कामी आले.

घाडग्यांचं नाव निदान आपल्या तोंडी आहे. माणगावात त्यांचा पुतळा आहे, एसटीतून उतरलेला नवखा माणूसही कोणाचा म्हणून विचारतो. पण मी त्या दिवशी चिखलात बसलेल्यांपैकी होतो, त्यामुळे असेल, मला राहून राहून त्यांच्या सेक्शनमधले बाकीचे आठवतात. मानपत्रात त्यांना अर्धं वाक्य आहे: ठार किंवा जखमी. कोकणातले किती, घाटावरचे किती, कोणाची लावणी त्या दिवशी त्याच्यावाचून चालली होती? घाडगे धावले ते त्यांना तसं पडलेलं पाहून. म्हणून यशवंतरावांना हार घालताना मी मनात त्या सगळ्यांनाही घालतो.

जुलै २०२३ मध्ये इटलीत पेरुजियाजवळच्या माँटोने गावात यशवंत घाडग्यांच्या नावानं स्मारक उभं राहिलं. दगडी सूर्यघड्याळ आहे. त्यावर लॅटिन ओळ आहे, तिचा अर्थ, आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो. ती बातमी वाचली आणि पहिल्यांदा सरांची आठवण झाली. ते आता नाहीत. असते तर पुन्हा एक गणित घातलं असतं, म्हणून ते मीच करून पाहिलं. त्या घड्याळाची सावली मध्यान्हीच्या रेषेवर येते, तेव्हा इकडे साधारण पावणेपाच झालेले असतात. शेवटचा तास चालू असतो आणि मुलं दप्तरं भरून घंटेची वाट बघत बसलेली असतात.