तुम्ही विचारलंत म्हणून: घरून पार्ट-टाइम कन्सल्टिंग, सुरुवात कुठून?

जुन्या ऑफिसच्या ग्रुपवर, सोसायटीच्या गेटपाशी, परवा तर एका लग्नात पंगतीत बसल्या बसल्या, मला विचारतात ते एकच. "घरून कन्सल्टिंग करतेस ना, आम्हालाही करायचंय, कसं सुरू करायचं गं?" आणि मी काही बोलायच्या आत लगेच पुढचं, "जीएसटी नंबर आधी काढावा लागतो का?"

नाही लागत. सर्व्हिस देणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी रजिस्ट्रेशन सक्तीचं नाही, क्लायंट दुसऱ्या राज्यातला असला तरी नाही. हौसेने घेतलात तर मग काम असो नसो रिटर्न भरत बसा. काही मोठ्या कंपन्या व्हेंडर म्हणून नाव घालतानाच नंबर मागतात, तेव्हा बघू की. झालं, संपला जीएसटी. आता जे कोणी विचारत नाही ते सांगते.

मी क्वालिटीतली. ऑटो पार्ट बनवणाऱ्या कंपनीत बरीच वर्षं काढली आणि आता कोथरूडच्या घरातून भोसरी, तळवडे, चाकण इथल्या छोट्या छोट्या शॉपना मदत करते, म्हणजे सीएनसीची चार मशीन, एक प्रेस, मालक, मालकाचा भाऊ आणि एक क्वालिटी इन्स्पेक्टर, जो डिस्पॅचही बघतो. पहिल्यांदा बाहेर पडणारे सगळे म्हणतात "मी क्वालिटी कन्सल्टिंग करणार" किंवा "एचआर कन्सल्टिंग करणार". अहो पण त्याचे पैसे कोण देणार? मालक पैसे देतो तो "पुढच्या महिन्यात कस्टमरचं ऑडिट आहे आणि मागच्या वेळचे पॉइंट अजून ओपन आहेत" याचे. पीपॅप (नव्या पार्टला कस्टमरची मंजुरी मिळवायची फाइल) परत आलंय याचे. म्हणजे कोणाला कुठे दुखलं की तुमची आठवण यायला हवी हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे आणि ते वाक्य तुमच्या जुन्या सहकाऱ्यांना, सप्लायरना, टूलरूमवाल्यांना पाठ असलं पाहिजे कारण पहिलं काम तिथूनच येतं, वेबसाइटवरून नाही. व्हिजिटिंग कार्डवर आठ सर्व्हिसेस छापणारे मी बघितलेत, त्यातली एकही लोकांच्या लक्षात राहत नाही.

आणि काम असं निवडा की जे तुमच्या गैरहजेरीत चालेल. पार्ट-टाइमची खरी गोम इथे आहे. माझ्या धंद्यात एक गोष्ट बरी आहे, ऑटो पार्टवाल्यांचं जे क्वालिटी स्टँडर्ड, आयएटीएफ १६९४९, त्याच्या सर्टिफिकेशन ऑडिटच्या दिवशी कन्सल्टंटने प्लांटमध्ये थांबायचंच नसतं, नियमच आहे तसा. मालक म्हणतो मॅडम तुम्ही नुसत्या शेजारी बसा हो, तर नाही. उत्तरं त्या इन्स्पेक्टरला आणि सुपरवायझरलाच द्यायची असतात, मग माझं कामही त्यांना तयार करणं एवढंच ठरतं आणि ते आठवड्यातून एका व्हिजिटमध्ये होतं. ज्यांनी "फाइल मी बनवून देते" असं काम घेतलं त्यांना रोज फोन येतो, कारण फाइल त्यांची आणि प्रश्नही त्यांनाच. २०१९ मध्ये एफएमईएची (काय काय बिघडू शकतं ते आधीच लिहून ठेवायची शीट) पद्धत बदलली, आरपीएन (धोक्याचे गुण गुणून येणारा आकडा) जाऊन अ‍ॅक्शन प्रायॉरिटी आली, तरी अजून कित्येक ठिकाणी जुनीच शीट सापडते आणि वरती भलत्याच कंपनीचं नाव! कोणीतरी बनवून दिलेली, दुसरं काय.

रेट. याबाबत लोक फार लाजतात. हिशोब साधा आहे, समजा तुमचा पगार वर्षाला १२ लाख होता आणि कामाचे दिवस धरले २४०, तर दिवसाला ५ हजार झाले, आणि लोक तेवढेच सांगून मोकळे होतात. पण त्या पगारात तुमची रजा होती, पीएफ होता, मेडिक्लेम होता, कँटीन होतं आणि लॅपटॉप बिघडला तर आयटीवाला होता. आता एका व्हिजिटमागे घरी बसून अर्धा दिवस रिपोर्ट लिहायला जातो, शिवाय प्रवास आहेच. मेट्रोचं भोसरी स्टेशन आहे म्हणून खूश होऊ नका, ते नाशिक फाट्याला आहे, एमआयडीसीत जायला पुढे रिक्षा बघावी लागते, आणि चाकणला जायचं तर तो रस्ता तुम्हाला माहितीच आहे. तेव्हा ५ हजारांचे किमान दुप्पट तरी सांगा, आणि आकडा सांगून गप्प बसा. आपणच घाईघाईने "म्हणजे कमी-जास्त करू" म्हणतो ना, ते नको.

महिन्याचा ठरावीक रिटेनर की प्रत्येक व्हिजिटचे पैसे, यात सुरुवातीला व्हिजिटच बरी असं माझं मत. रिटेनर ऐकायला छान वाटतो पण त्यात मालकाला वाटतं मॅडम महिनाभर आपल्याच आहेत.

मग ती "जरा पाच मिनिटं". आपल्या पुण्यात सल्ला फुकट मिळतो ही लोकांची पक्की समजूत आहे, कारण खरंच मिळतो, न मागता सुद्धा. "पाच मिनिटं बोलायचं होतं" असा फोन येतो आणि पाऊण तास जातो आणि शेवटी "बघतो मग, कळवतो". मी एक करते, पहिला फोन फुकट, त्यात मी भरपूर विचारते आणि कमी सांगते. दुसऱ्या फोनला कोटेशन जातं, एका पानाचं. किती व्हिजिट, कोणत्या कामाच्या, रिपोर्ट कधी मिळणार, फोनची वेळ काय, पैसे कधी. फोनची वेळ लिहायचीच. शिफ्ट बदलताना काहीतरी अडलं की रात्री फोन करायची शॉपमध्ये सवय असते, त्यांचं काही चूक नाही, त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. आणि गुरुवार. भोसरीतल्या बऱ्याच शॉपना गुरुवारी वीकली ऑफ, म्हणजे त्या दिवशी मालक निवांत, म्हणजे त्याला नेमक्या त्याच दिवशी गप्पा मारायच्या असतात! मी गुरुवार मोकळा ठेवला तो माझ्यासाठी नाही, याच कॉलसाठी.

घराचं तर काय बोलावं. तुम्ही घरी आहात म्हटल्यावर मजल्यावरच्या सगळ्यांची कुरिअर तुमच्याकडे, सिलिंडर तुमच्याकडे, आणि "तू घरीच असतेस ना, मग बँकेत तू जा". दार असलेली खोली असेल तर उत्तम, नसेल तर वेळ बांधून घ्या आणि ती सासूबाईंपासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांना एकदाच सांगा. दारावर पाटी लावू नका, उगाच मीटिंगमध्ये विषय निघतो. आणखी एक म्हणजे क्लायंटची ड्रॉइंग घरच्या कॉम्प्युटरवर, जिथे मुलं गेम खेळतात तिथे ठेवू नका, ती त्यांच्या कस्टमरची मालमत्ता असते, वेगळा लॅपटॉप घ्या, सेकंडहँड चालेल.

आता कागद, पटापट. प्रोप्रायटरशिपच (एकट्याच्या मालकीचा धंदा) पुरे, प्रायव्हेट लिमिटेड काढाल तर कमाई शून्य असली तरी दरवर्षी ऑडिट आणि आरओसीची (कंपनी रजिस्ट्रारची) कामं मागे लागतात. स्वतःच्या नावाने बिल काढायचं तर वेगळं नाव लागतही नाही. लावायचंच असेल तर बँक करंट अकाउंटसाठी धंद्याच्या नावाचे कागद मागते, त्यासाठी शॉप अ‍ॅक्ट (२०१७ च्या कायद्यात एकट्यादुकट्याच्या धंद्याला फक्त ऑनलाइन इंटिमेशन द्यायचं असतं) आणि उद्यम. उद्यम म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, ती सरकारी पोर्टलवर फुकट होते, आधार लागतं. त्याचे पैसे मागणारी साइट दिसली तर बंद करा. प्रोफेशन टॅक्सचं बघून घ्या, वर्षाला २,५०० रुपये.

उद्यम मात्र नक्की काढा, कारण पेमेंट. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यायचे असं कायदा सांगतो, आणि आता उशीर झाला तर देणाऱ्याला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत इन्कम टॅक्समध्ये दाखवता येत नाही. मी मालकांशी भांडत नाही, बिलावर उद्यम नंबर छापते, मार्च जवळ आला की त्यांचा सीएच त्यांना आठवण करतो. एका ठिकाणी वर्षभर बिल अडकलं होतं, तिथे मी पुढची व्हिजिट दिली नाही. एवढंच हत्यार आहे आपल्याकडे, पण चालतं.

टीडीएस कापला म्हणून घाबरून फोन करणारेही आहेत. एका क्लायंटकडून वर्षाला ५० हजारांच्या वर फी झाली की तो कापतो, प्रोफेशनल फीवर १० टक्के, टेक्निकल सर्व्हिस धरली तर २. पैसे बुडत नाहीत, इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर तुमच्या नावावर दिसतात. निम्मी फी उत्पन्न धरून टॅक्स भरायची सोय आहे (जुन्या कायद्यातलं ४४एडीए) ती इंजिनिअरिंग, टेक्निकल कन्सल्टन्सी, अकाउंटन्सी अशा ठरावीक व्यवसायांनाच. नुसतं मॅनेजमेंट कन्सल्टिंग त्या यादीत नाव घेऊन नाही, तेव्हा तुमचं काम कशात बसतं ते पहिल्याच वर्षी सीएला विचारून ठेवा, आणि त्या सोयीत बसलात तर अ‍ॅडव्हान्स टॅक्स १५ मार्चपर्यंत एकदम भरायचा असतो.

जे अजून नोकरीत आहेत आणि "शनिवार-रविवार करेन" म्हणतात त्यांनी हे सगळं राहू दे, आधी अपॉइंटमेंट लेटर काढून वाचा. बहुतेकांच्यात दुसरं काम करायचं नाही असं स्वच्छ लिहिलेलं असतं. लेखी परवानगी मिळाली तर ठीक, आणि तरीही आपल्याच कंपनीच्या सप्लायरकडे जाऊ नका, तिथे तुम्ही ऑडिटर म्हणूनही जाता ना.

कोटेशनचा नमुना हवा असेल तर मागा, देईन. सीएचा नंबरही देईन, फक्त मार्चमध्ये मागू नका.