पाक जमला की ग्रॅनोला बार जमला

अमेरिकेत मिशिगनमध्ये शाळेत जाणारं पोर घरात असलं की ग्रॅनोला बार (ओट्स-बियांची गोड वडी) कुठेही सापडतो: दप्तरात, गाडीच्या कप्प्यात, धुवायला टाकलेल्या जॅकेटच्या खिशात. तिथल्या उन्हाळी सुट्टीत आम्ही पुण्याला येतो (सुट्टी उन्हाळ्याची, पण इथे धो धो पाऊस), तेव्हाही कार्ट्यांना चार वाजता तोच हवा असतो. कोथरूडच्या दुकानात मिळतो म्हणा, पण किंमत बघून आई म्हणाली, "एवढ्या पैशात मी परातभर वड्या थापीन."

ही वस्तू आमच्याच भागातली, असं म्हटलं तरी चालेल. शिकागोला जाताना आय-९४ महामार्गावर बॅटल क्रीक लागतं, डॉ. जॉन हार्वे केलॉग यांच्या आरोग्यधामाचं गाव. मूळ पदार्थ मात्र न्यूयॉर्क राज्यातल्या डॉ. जेम्स जॅक्सन यांचा. त्यांनी १८६३ मध्ये 'ग्रॅन्युला' केला, तोही इतका कडक की रात्रभर भिजवल्याशिवाय दात लागत नसे. केलॉग यांनी तसाच पदार्थ त्याच नावाने काढला, जॅक्सन यांनी हरकत घेतली आणि नाव 'ग्रॅनोला' झालं. त्याची वडी दुकानात यायला पुढे जवळपास शंभर वर्षं गेली.

आता मुद्द्याचं. इंटरनेटवरच्या बऱ्याच कृतींमध्ये मध आणि लोणी नुसतं कोमट करून ओट्सवर ओतायला सांगतात. आईने फोनवर एक कृती वाचली, चष्मा कपाळावर नेला आणि विचारलं, "यात पाक कुठाय?"

तिथेच सगळं आलं. मधात सतरा-अठरा टक्के पाणी असतं. ते उकळून उडवलं नाही तर फ्रिजमधून काढल्यावर पाच मिनिटं वडी वडीसारखी दिसते आणि मग भुगा. तिकडे लोक साखरेचा थर्मामीटर लावतात. ११८ अंश सेल्सिअसच्या आसपास उतरवलं तर बार चिवट, १४५ च्या पुढे गेलं तर कुरकुरीत. आईकडे गार पाण्याची वाटी. थेंब टाकायचा. बोटांनी मऊ गोळी वळली की चिवट वडीचा पाक. तोच थेंब वाटीच्या कडेवर आपटून 'टण्' वाजला की चिक्कीचा. या दोन्हींच्या मध्ये काही मिनिटांचाच फरक असतो, म्हणून तेव्हा दारावरची बेल वाजली तरी जायचं नाही.

ओव्हन नाही म्हणून अडत नाही. दोन वाट्या जाडे ओट्स कढईत मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत भाजा. ओट्स वाफवून चपटे केलेले असतात, त्यामुळे कच्चे राहायची भीती नाही, करपायची आहे. वाटीभर दाण्याचं भरड कूट, अर्धी वाटी भोपळ्याच्या आणि सूर्यफुलाच्या बिया, मूठभर बेदाणे. पाकाला पाऊण वाटी गूळ, दोन चमचे मध, चमचाभर तूप, चिमूट मीठ. मीठ विसरू नका. त्याशिवाय नुसतं गोड गोड लागतं. गूळ चिक्कीचा घ्या. संक्रांत नसली तरी आमच्या वाण्याकडे मिळाला. पाक झाला की गॅस बंद करून सगळं भराभर कालवायचं, तूप लावलेल्या ताटात ओतायचं आणि वाटीच्या बुडाने अंगातला जोर लावून दाबायचं. हलक्या हाताने थापलं तर पाक चांगला असूनही वडी सुटते. कोमट असतानाच सुरीने रेघा पाडा.

पावसाळ्यात आणखी एक भानगड. मध हवेतलं पाणी ओढून घेतो. मिशिगनच्या हिवाळ्यात हीटरमुळे घर इतकं कोरडं असतं की बार आठवडाभर तसाच राहतो. इथे आषाढात झाकण उघडं राहिलं की संध्याकाळपर्यंत वड्या एकमेकींना चिकटल्या. त्यामुळे या दिवसांत मध कमी, पाक जरा पुढे न्यायचा आणि प्रत्येक वडी बटर पेपरमध्ये गुंडाळून घट्ट डब्यात.

एकादशीला आईने ओट्स काढून टाकले आणि राजगिऱ्याच्या लाह्या घातल्या. मला ही जास्त आवडली. गंमत म्हणजे राजगिरा मूळचा अमेरिका खंडातलाच, आणि मेक्सिकोत त्याच्या लाह्या मधात थापून 'आलेग्रिया' नावाची वडी करतात. ती आमच्याकडच्या मेक्सिकन दुकानात मिळते. आईला फोटो दाखवला, तर म्हणाली, "जाड थापलीय."

सप्टेंबरमध्ये शाळा सुरू झाली की दाणे बंद. शेंगदाण्याच्या ॲलर्जीमुळे आमच्या शाळेत डब्यात तो चालत नाही. त्याच्या जागी सूर्यफुलाच्या बिया भाजून भरड वाटायच्या, प्रमाण तेच. फक्त या बिया लवकर खवट होतात, तेव्हा लागतील तेवढ्याच आणा आणि उरलेल्या फ्रिजमध्ये ठेवा.