घोडा लंगडा असला तर काय करता?

सुट्टीवर आटपाडीला आलोय. परवा आप्पांबरोबर खरसुंडीच्या पौषी यात्रेत खिलार बघत फिरत होतो, एका दावणीपाशी ओळखीचे पाचसहा जण भेटले आणि विषय निघाला की जर्मनीत तू नक्की करतोस काय. मी म्हटलं, घोड्यांचं वीर्य संकलन. आपल्याकडं गाई-म्हशीला रेतन भरून घेणं घरोघरी माहीत आहे त्यामुळं कुणी दचकलं नाही. पण आप्पांनी विचारलं, "घोडा लंगडा असला तर रं?" आणि मग कुणीच काही बोललं नाही, कारण आमच्या वळूचं काय झालं ते तिथल्या बऱ्याच जणांना ठाऊक आहे.

मी सातवीत होतो. वळू मागच्या पायानं जरा लंगडत होता, आप्पा नको म्हणत होते, तरी लांबून आलेला माणूस गाय माजावर आहे म्हणून हट्टाला पेटला. उडी मारून खाली येताना वळूचा पाय घसरला, खुबा निखळला आणि तो परत उठलाच नाही. आप्पा दोन दिवस जेवले नाहीत. पुढं मी शिरवळच्या पशुवैद्यकीय कॉलेजला गेलो त्याच्या मागं हा वळू आहे, म्हणून आप्पांच्या प्रश्नाला तिथल्या गर्दीत दोन वाक्यांत उत्तर देववलं नाही, इथं नीट लिहितो.

मी असतो फेर्डनजवळ, उत्तर जर्मनीत. हा सगळा हॅनोव्हेरियन घोड्यांचा मुलूख, जवळच त्सेले गावात 1735 पासून सरकारी अश्वपैदास केंद्र चालू आहे. तिथं बहुतेक घोड्या कृत्रिम रेतनानंच भरतात. धडधाकट घोडा असला की काम सोपं, समोर माजावरची घोडी दाखवायची, घोडा डमीवर म्हणजे घोडीच्या जागी ठेवलेल्या गादीच्या ठोकळ्यावर चढतो आणि आपण एव्ही म्हणजे कृत्रिम योनी धरायची, जिच्या दोन थरांमध्ये गरम पाणी भरलेलं असतं, आतलं तापमान साधारण 45 ते 48 अंश लागतं. पाणी जास्त गरम झालं तर शुक्राणू मरतात, आणि थंड असलं तर घोडा तोंड फिरवून निघून जातो.

पण डमीवर चढायचं म्हणजे पाचसहाशे किलोचं धूड मागच्या दोन पायांवर. गुडघा, खूर, लिगामेंट, पाठ, यातलं काहीही दुखत असेल तर घोडा एकदोनदा प्रयत्न करतो आणि मग नुसता उभा राहतो. लोकांना वाटतं त्याची इच्छा गेली. तसं नसतं, त्याला दुखत असतं!

गेल्या वर्षी असाच एक तांबडा घोडा आला, मागच्या डाव्या पायाचं सस्पेन्सरी लिगामेंट, म्हणजे खुराच्या वरच्या सांध्याला आधार देणारा पट्टा, फाटलेलं. त्याला आम्ही उभ्या-उभ्याच संकलन शिकवलं. खाली रबराची जमीन, एका बाजूला गादी लावलेली भिंत म्हणजे तोल गेला तर टेकता येईल, पुढं आडव्या फळीपलीकडं घोडी. एकजण तोंडाशी, मी खांद्याजवळ पोटाला लागून एव्ही धरून. चढायला द्यायचंच नाही, चारही पाय जमिनीवर. पहिल्या दिवशी त्याला कळेचना आपल्याकडून काय हवंय, दुसऱ्या दिवशीही नाही, आम्ही दहा मिनिटांत थांबवलं आणि फिरवून आणलं. चौथ्या दिवशी शेपटी वरखाली हलायला लागली, हीच वीर्य सुटल्याची खूण, आणि बाटलीत 60 मिली. मी मराठीतच ओरडलो "शाब्बास रे वाघा", तिथल्या कुणाला काही कळलं नाही.

आधी फिनाइलब्यूटाझोन देतात, वेदना आणि सूज कमी व्हायला. पण माझं मत असं की वेदना पूर्ण मारून त्याच्याकडून काम करून घेऊ नये, नाहीतर तो दुखऱ्या पायावर नको तेवढा भार टाकतो.

ज्याला एवढंही जमत नाही, म्हणजे पुढं रेटाही देता येत नाही, त्याच्यासाठी औषधांची वाट आहे. इमिप्रामीन, जे माणसांना डिप्रेशनसाठी देतात, ते तोंडातून द्यायचं आणि साधारण दोन तासांनी शिरेतून थोडं झायलाझिन, हे गुंगीचं औषध. घोडा आपल्या ठाणात पेंगत उभा असतो, घोडी नाही, गडबड नाही, आणि त्या गुंगीतच वीर्य येतं. प्रत्येक वेळी येत नाही. आलं तर कमी पण घट्ट असतं. (झायलाझिन आपल्याकडं बैलालाही देतात, पण बैलाला घोड्याच्या दहाव्या हिश्श्यानं पुरतं, गावाकडच्या पोरांनी हे विसरू नये.)

विजेच्या प्रोबनं घेता येत नाही का, असं एका मित्रानं विचारलं. वळूला, मेंढ्याला करतात. घोड्याला त्यासाठी पूर्ण भूल द्यावी लागते, आणि पाय आधीच दुखावलेला घोडा भुलीतून धडपडत उठताना तोच पाय मोडून घेऊ शकतो. मी त्याच्या विरोधात आहे.

घोडा वाचणारच नसेल किंवा खच्ची करावा लागला तर अधिवृषणाच्या, म्हणजे वृषणाला चिकटलेल्या गुंडाळलेल्या नळीच्या, शेवटच्या भागात साठलेले शुक्राणू धुवून काढतात. वृषणं 5 अंशाला थंड ठेवून एका दिवसात लॅबला पोचवायची, मग उणे 196 अंशाच्या द्रव नायट्रोजनमध्ये. मी हे दोनदा केलंय. दोन्ही वेळा मालक बाहेर गाडीत बसून होते.

अजून एक, घाई करणाऱ्यांसाठी. घोड्याचा शुक्राणू तयार व्हायला साधारण 57 दिवस लागतात, त्यामुळं जखमेबरोबर ताप येऊन गेला असेल तर पुढचे दोन महिने नमुना खराब येऊ शकतो. तेवढ्यावरून घोडा बाद झाला म्हणू नये. आणि पुण्या-मुंबईला रेसमध्ये पळणाऱ्या थरोब्रेडला यातलं काहीच चालत नाही, तिथं घोडा-घोडीच्या नैसर्गिक समागमातूनच झालेलं शिंगरू नोंदवतात, मग नर जायबंदी झाला की त्याची पैदास संपली. हा नियम मला पटत नाही.

रात्री हे सगळं आप्पांना सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "पण त्याला दुखत असल तर घेताच कशाला?" मी म्हटलं, आप्पा, दुखत असल त्या दिवशी आम्ही घेत नाही.

मग सकाळीच फेर्डनहून आलेला व्हिडिओ दाखवला, तांबड्याला दोरीनं धरून अंगणात फिरवतायत तो. आप्पांनी तो तीनदा बघितला, तिन्ही वेळा मागचा डावा पायच.

"टेकवतुय की रं," म्हणाले.