सुरूर फाटा ते पाचगणी, टप उघडून

सकाळी सहाला कोथरूडहून निघालो तेव्हा आमच्या कन्व्हर्टिबलचा टप, म्हणजे घडी होणारं छप्पर, बंद होता, आणि हायवे सोडून वाईकडे वळतात त्या सुरूर फाट्यापर्यंत तो बंदच ठेवायचं हे आधीच ठरलं होतं. उघडी गाडी म्हणजे दारातच टप पाडून निघायचं असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा खंबाटकीच्या चढावर भरलेल्या ट्रकमागे पहिल्या गिअरमध्ये रांगून बघावं. सगळा धूर गाडीत उतरतो, आणि काच वर करून उपयोग नसतो. कात्रजच्या नव्या बोगद्यातही तेच, शिवाय आवाज. पुणे-सातारा हायवे हा उघड्या गाडीचा रस्ताच नव्हे.

दुसरं कारण वाऱ्याचं. समोरच्या काचेवरून उसळलेली हवा डोक्यावरून मागे निघून जाते, तिच्यामागे गाडीत कमी दाबाची पोकळी राहते आणि ती भरायला हवा मागून, दोन सीटांच्या मधून, थेट मानेवर येते. म्हणून वारा अडवायची जाळी सीटच्या मागे लावतात. चार जणांच्या गाडीत ती लावली की मागची सीट गेलीच. जाळी असो वा नसो, ताशी 80 च्या वर बोलणं ओरडून करावं लागतं. मजा आहे ती 40 ते 60 मध्ये.

गाडी मिनी कन्व्हर्टिबल, 2016 मध्ये भारतात आलेल्या पिढीतली. कापडी टप, विजेच्या मोटरवर चालणारा, पूर्ण उघडायला 18 सेकंद. चालत्या गाडीतही उघडतो, पण ताशी 30 पर्यंतच. नुसता पुढचा भाग 40 सेंटिमीटर मागे सारून सनरूफसारखाही ठेवता येतो. डिकी टप बंद असताना 215 लिटर आणि उघडा असताना 160, कारण घडी झालेला टप डिकीतली जागा खातो. तिथे एक आडवा पडदा असतो, तो खाली ओढून अडकवल्याशिवाय टप हलत नाही. ‘टप अडकला’ म्हणून गॅरेज गाठण्याआधी हा पडदा बघावा. बॅगेने तो वर ढकललेला असतो. म्हणून कडक सूटकेस नको, मऊ पिशव्या न्याव्यात.

सुरूर फाट्याला डावीकडे सपाट जागा बघून थांबलो. सपाटच हवी. एक चाक दगडावर किंवा फुटपाथवर असेल तर बॉडीला किंचित पीळ बसतो आणि टपाचा आकडा समोरच्या चौकटीत नीट बसत नाही. इंजिन चालू ठेवायचं, कारण कमकुवत बॅटरीवर टप अर्ध्यात थांबू शकतो. बटण शेवटपर्यंत दाबून धरायचं, बोट काढलं की टप तिथेच थांबतो. आणि वर बघायचं. उघडताना टप कमान करून बराच उंच जातो, त्यामुळे सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये तुळईखाली हा प्रयोग करू नये.

सुरूर ते वाई हा रस्ता उरलेल्या वडांचा. रुंदीकरणात बरेच गेले. आहेत त्यांच्याखालून उघड्या गाडीने जाताना सावली चेहऱ्यावरून सरकत जाते, ती बंद गाडीत कळत नाही. पण वडाखाली गाडी उभी करू नये. फळं खाणारे पक्षी वर असतात, आणि त्यांची विष्ठा कापडात मुरली की डाग राहतो. ओली असताना पुसली तर ती धाग्यात शिरते. वाळू द्यावी, मऊ ब्रशने झाडावी आणि मग कोमट पाण्याने धुवावी.

वाईत शिरताना गतिरोधक सुरू झाले. गाडी खालून घासू नये म्हणून बुटक्या गाड्या तिरक्या घालायची आपल्याला सवय आहे. उघड्या गाडीला ती सोसत नाही. मिठाईचं पुठ्ठ्याचं खोकं झाकणासकट पिळून बघा, मग झाकण काढून पिळा. मोनोकॉक बॉडीत, म्हणजे वेगळी चेसिस नसते आणि सगळा भार बॉडीच पेलते अशा गाडीत, छप्पर हे त्या झाकणाचं काम करतं. ते काढलं की कारखान्यात दाराखालचे उंबरे जाड करावे लागतात, तळाला आडव्या पट्ट्या द्याव्या लागतात, समोरच्या काचेची चौकट मजबूत करावी लागते. म्हणून छप्पर कमी असूनही ही गाडी तिच्या बंद भावापेक्षा जड असते. एवढं करूनही तिरक्या गतिरोधकावर डॅशबोर्ड थरथरतो, आरसा हलतो, दाराची काच बीडिंगवर करकरते. दोन्ही चाकं एकदम आणि अगदी हळू, हाच मार्ग. बॉडी वेगळ्या चेसिसवर बसवायचे त्या काळात ही अडचण कमी होती, कारण भार चेसिस पेलायची. जुन्या स्टँडर्ड हेराल्डसारख्या गाडीचं छप्पर कापून टप लावणं म्हणूनच सोपं गेलं.

गंमत म्हणजे या जातीच्या वाहनाचं नावच हेलकाव्यांवरून पडलंय. कॅब्रिओले हा फ्रेंच शब्द, मुळात इटालियनमधल्या बोकडाच्या उडीवरून आलेला. अठराव्या शतकातली फ्रान्समधली ही घोडागाडी दोन चाकांची, एका घोड्याची, दोघांच्या बसण्याची, वर घडीचा टप. हलकी आणि स्प्रिंगवरची, त्यामुळे घोडा दुडकला की करडासारखी उड्या मारायची. 1820 च्या दशकात ती लंडनमध्ये भाड्याने धावू लागली आणि तिथल्या लोकांनी नाव तोडून ‘कॅब’ केलं. 1834 मध्ये जोसेफ हॅन्सम यांनी पेटंट घेतलेली गाडीही कॅबच म्हणवली गेली. पुढे भाडं मोजायचं मीटर आलं, आणि टॅक्सीमीटर लावलेली कॅब ती टॅक्सीकॅब. आज पुण्यात मोबाइलवरून मागवतो ती बंद, एसीवाली कॅब नावापुरती तरी टपवाल्या घोडागाडीचीच पणती.

दोन चाकांच्या गाडीत खरी कसरत तोलाची. वजन आसाच्या किंचित पुढे हवं. फार पुढे गेलं तर दांड्या घोड्याच्या पाठीवर दाबतात, मागे गेलं तर दांड्या वर उचलतात आणि पोटाखालचा पट्टा घोड्याला वर खेचतो. या मागे तोल जाण्याला आपल्याकडे नेमका शब्द आहे: उलाळ. टांग्यात पाठीला पाठ लावून बसतात. मागे तिघं आणि पुढे कुणीच नाही असं झालं की टांगेवाला ‘एक जण पुढे या’ म्हणायचा तो यासाठी. वाठार स्टेशनावर उतरून टांग्याने पाचगणी-महाबळेश्वर गाठायची जुनी वाट वाईतूनच पसरणी घाट चढते. इतक्या चढावर वजन आपोआप मागे सरकतं. तिथे पुढच्या बाकावर कुणी तरी बसलेलं बरंच.

आमच्यासाठी मात्र पसरणी घाट हाच सगळ्या प्रवासाचा ऐवज. दुसरा-तिसरा गिअर, वेग 30-40, मागे वाऱ्याची जाळी, सीट हीटर चालू, काचा वर. पाय गरम आणि डोक्याला गार हवा. डिसेंबरात हीच युक्ती. काचा खाली घेतल्या की सगळी ऊब निघून जाते. वळणावर मान वळवली की कृष्णेचं खोरं आणि धोम धरणाचं पाणी अखंड दिसतं, मधे छपराचा खांब येत नाही. समोरच्या एसटीचा हॉर्नही नेमका कुठल्या वळणामागून येतोय ते कळतं. हा फायदा कुठल्याच माहितीपत्रकात नसतो.

पाचगणी सुमारे 1,300 मीटरवर. हवा गार असली तरी दहानंतर ऊन कातडी भाजतं. गारव्यामुळे ते जाणवत नाही, संध्याकाळी नाक आणि मनगटं लाल झाल्यावर कळतं. टोपी घट्ट बसणारी हवी. चहाला थांबलो तरी टप बंद केला, कारण इथली माकडं. उघड्या गाडीतली पिशवी जाते हे तर झालंच, पण त्यांच्या नखांनी टपाचं कापड फाटलं तर ठिगळ लावून भागत नाही. कापड तीन थरांचं असतं: बाहेर विणलेलं, मधे रबर, आत अस्तर. मधला थर फाटला की पाणी आत येतंच. रिक्षाचं रेक्झिन हूड गल्लीतला हूडवाला शिवून देतो, पण ती सोय इथे नाही. रेक्झिन उन्हाने कडक होऊन घडीवर तडकतं, हे मात्र त्याचं दुखणं.

परतताना भुईंजच्या आसपास अवेळी पावसाचे चार थेंब पडले. टप बंदच होता, पण ओला. ओला टप घडी करून ठेवला तर दोन दिवसांत बुरशीचा वास येतो, म्हणून पुण्यात आल्यावर तो रात्रभर ताणलेलाच ठेवला. धुताना सौम्य शाम्पू, मऊ ब्रश आणि बादली. वॉशिंग सेंटरमधला जोराचा फवारा शिवणीवर अजिबात नको. पाण्याचे मोती होऊन ओघळायचे थांबले आणि कापड भिजून गडद दिसू लागलं, की पाणी न धरणारा लेप पुन्हा द्यायची वेळ झाली. बीडिंगला सिलिकॉनचं वंगण लावावं, व्हॅसलिन किंवा तेल नाही. त्याने रबर फुगतं.

शेवटी नळ्या. टपावरून मागे ओघळणारं पाणी सीटमागच्या पन्हळीत येतं आणि दोन नळ्यांनी गाडीखाली जातं. पुण्यात सोनमोहराखाली आणि गुलमोहराखाली गाड्या लावतात, आणि या दोन्ही झाडांची बारीक पानं त्या तोंडात बसायला जणू मापाने कापलेली. नळी तुंबली की पाणी आत येतं आणि गालिचाखाली साठतं. गाडीला ओलसर वास येतो आणि लोक टप गळतो असं समजून कापड बदलायला निघतात. तार घालू नये, नळी आतल्या आत फाटते. गवत कापायच्या यंत्रातली नायलॉनची दोरी मऊ करून हळूच सरकवायची, मग प्रत्येक तोंडात ग्लासभर पाणी सावकाश ओतायचं आणि खाली वाकून बघायचं. डावीकडून लगेच आलं. उजवीकडून आधी थेंब, मग सोनमोहराच्या पानांचा बोटभर काळा गोळा, आणि त्यामागून पाणी.