मिरगाचं बी आता तीन हप्त्यांत

आमच्याकडे वेंगुर्ल्याच्या बाजूला मागीलदारच्या भाजीचं टाइमटेबल वर्षानुवर्षं ठरलेलं आहे. मे संपता संपता आळी, म्हणजे बी लावायचे खड्डे, खणायची, त्यात सुकं शेण, पातेरा (सुकी पानं), चुलीतली राख घालून ठेवायची, मिरगाच्या (मृग नक्षत्राच्या) आगेमागे तवसं (मोठी काकडी), पडवळ, शिराळी (दोडकी), कारली, चिबूड यांचं बी टाकायचं आणि आर्द्रेत वेल माटवावर, म्हणजे मांडवावर, चढवायचे. हिशोब सगळा गणपतीवरून उलटा मोजलेला, कारण माटवीला, म्हणजे गणपतीच्या वर बांधतात त्या चौकटीला, टांगायला तवसं आणि पडवळ घरचंच हवं असतं आणि ऋषिपंचमीच्या भाजीला तर बैलाच्या मेहनतीचं काही चालत नाही, म्हणजे परड्यात, मागीलदारी, जे येईल तेच. हल्ली बाजारात त्या भाजीचे वाटे मिळतात, घेतातही लोक, पण ज्या घरात परडं आहे तिथे ते विकत आणणं मला खरंच पटत नाही.

2025 साली हे टाइमटेबल पार विस्कटलं. रोहिणी लागायच्या आधीच पाऊस सुरू. अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा झाला, तो वाढत वाढत 24 मेला रत्नागिरी आणि दापोलीच्या मधे किनाऱ्यावर आला आणि 25 मेला मान्सून महाराष्ट्रात पोचल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं, 26 ला तर मुंबईत. एरवी आमच्याकडे जूनच्या पहिल्या आठवड्यात येणारा पाऊस. कोणाची लाकडं भरायची राहिली, कोणाची कोकमाची सोलं अर्धी ओली, आंब्याची साठं गच्चीवरून घरात आणि पंख्याखाली. आणि परड्यात आळी खणलेली, त्यांची डबकी झाली.

वाडीत बऱ्याच जणांनी पाऊस लागला म्हणजे लागला असं धरून तेव्हाच बी टाकलं, आणि त्यात चूक काही नव्हती, पिढ्यान् पिढ्या असंच चालत आलंय. आमच्या सासूबाई मात्र खळ्यात बसून आभाळाकडे बघत म्हणाल्या, "पावसाचो भरवसो नाय गो, सगळा बी एकदम घालू नको." आईंचं शिक्षण चौथीपर्यंत, पण परड्याच्या बाबतीत त्यांचं म्हणणं मी खाली पडू देत नाही. मग बियांच्या तीन पुड्या केल्या. एक तेव्हाच घातली, एक मिरगाला, एक आर्द्रा लागल्यावर.

पहिल्या पुडीचं काय झालं तर उगवण छान झाली, दोन पानांवर रोपं आली आणि मग दोन सोडून बाकीची ओळीने मानेतून कुजून आडवी पडली. जमिनीलगतचा देठ पाण्यात भिजून मऊ पडतो, बोट लावलं तर तिथेच तुटतो, वरची पानं अजून हिरवीगार असतात म्हणून जास्त वाईट वाटतं. मर म्हणतात तो हाच. औषध शोधत बसण्यापेक्षा पाणी काढून देणं हाच इलाज, म्हणून दुसऱ्या पुडीच्या आधी आळी बुजवून टाकली आणि त्याच जागी मातीचे उंच ढीग केले, गुडघ्याच्या जरा खाली येतील इतके, कडेने जांभ्याचे फुटके चिरे लावले आणि दोन ढिगांच्या मधून चर थेट व्हाळापर्यंत, म्हणजे ओढ्यापर्यंत, काढला. आळं हे उन्हाळ्यात पाणी धरायला ठीक आहे हो, पण पावसाळ्यात इतक्या पाण्यात वेलाला उंचवटाच हवा असं माझं आता ठाम मत झालंय.

आणि मग जूनमधे पाऊस गायबच! महिन्याचा पहिला पंधरवडा जवळजवळ ऊनच, भर मिरगात पंप लावून पाणी घातलं लोकांनी. त्या उघडिपीत तांबडे भुंगेरे आले, ते कोवळ्या पानांची चाळण करून टाकतात. सकाळी दंव असताना पानांवर चाळलेली राख भुरभुरायची, ती चिकटून राहते आणि भुंगेरे बसत नाहीत, पण एक सर आली की सगळी धुतली जाते, परत भुरभुरा. दुसऱ्या पुडीतली बरीचशी रोपं या राखेवर तगली आणि तिसरीतली तर भुंगेऱ्यांचा जोर ओसरल्यावरच आली, तिला काही करावं लागलं नाही.

जुलैत वेल माटवावर गेले. माटव आम्ही तौक्ते वादळानंतर बदललाय, त्या मे 2021 च्या वाऱ्यात बांबू आणि सुंभाचा सगळा सांगाडा उडून गेला होता, आता जांभ्याचे खांब आणि वर तार. जांभ्याच्या मातीबद्दल एक सांगायचं तर ती मुळात आंबट, त्यात एवढा पाऊस खत धुऊन नेतो, म्हणून शेणखत एकदम न ओतता पंधरा दिवसांनी थोडं थोडं देते. पाणी काढून देणं आणि खत थोडं थोडं, हे दोन जमलं की निम्मं काम झालं.

खरी मजा आणि खरी काळजी फुलं आल्यावर. पडवळ आणि शिराळी संध्याकाळी फुलतात, तवसं, कारली सकाळी. पडवळाचं फूल बघितलंय का कधी नीट? पांढरं शुभ्र, कडेने लेस विणल्यासारखे धागे, अंधार पडता पडता उलगडतं. आधी नर फुलं येतात झुबक्याने, मादी फूल एकटं येतं आणि त्याच्या मागे बोटभर बारीक पडवळ आधीच असतं. रात्रीचे पतंग परागीभवन करतात पण संततधार पावसात पतंग कुठून येणार आणि पराग भिजले की वायाच जातात, मग ते बारीक पडवळ पिवळं पडून गळतं आणि माणसं म्हणतात वेल वांझ आहे. वेल काही वांझ नाही, पाऊस थांबत नाहीये एवढंच. म्हणून तिन्हीसांजेला छत्री आणि बॅटरी घेऊन मी परड्यात असते. नर फूल तोडायचं, पाकळ्या मागे दुमडायच्या, मधला परागाचा भाग मादी फुलाच्या मधे हलकेच टेकवायचा. मग अळवाच्या कोवळ्या पानाचा कोन करून त्याला नारळाचा हीर (पातीतली काडी) टोचायचा आणि तो त्या फुलावर टोपीसारखा अडकवायचा. अळवावर पाणी ठरत नाहीच, फूल रात्रभर कोरडं राहतं. दुसऱ्या दिवशी टोपी काढायची. ज्यांना ज्यांना टोपी घातली त्यातली बहुतेक धरली. नंतर पडवळ हातभर झालं की शेंड्याला छोटा दगड बांधायचा, सरळ वाढतं.

फळमाशीबद्दल थोडक्यात. आंब्याला लावतात तो दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा बऱ्याच घरात असतो, पण त्यातलं आमिष मिथाइल युजेनॉलचं, वेलवर्गातल्या माशीला ते उपयोगी नाही, तिला क्यू ल्युअर लागतं, दुकानात स्पष्ट मागून घ्या. सापळ्यात फक्त नर अडकतात, तेवढ्यावर भागत नाही. किडलेलं फळ वेलाखाली पडू द्यायचं नाही, अळ्या त्यातून निघून मातीत कोष करतात आणि पुन्हा माशी. किडकी फळं प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवायची. कोवळ्या कारल्याला जुन्या सुती साडीची पिशवी शिवून घालते, कागद पावसात टिकत नाही.

27 ऑगस्टला चतुर्थी होती. माटवीला तवसं मिरगाच्या पुडीतलं, पडवळ आर्द्रेच्या पुडीतलं. पंचमीच्या भाजीत अळू, भेंडी, शिराळी, पडवळ, तांबडी भाजी, सुरण, सगळं घरचं. आई नैवेद्य दाखवताना काही बोलल्या नाहीत पण शेजारच्या काकींना हाक मारून वाटी दिली, त्यातच आलं सगळं.

पण वर्ष तिथे संपलं नाही. दिवाळी झाली तरी पाऊस जाईना, ऑक्टोबरच्या शेवटी कापलेलं भात शेतात भिजलं, काहींचं उभं होतं ते आडवं पडून कोंब आले. भाताच्या नुकसानापुढे भाजीचं काय बोलायचं. तरी सांगते, भात काढल्यावर वायंगणीची, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या हंगामाची, तांबडी भाजी, मुळा, वाल घालायचे ते सगळं पुढे गेलं. तांबड्या भाजीचं बी बारीक, एका सरीत वाहून जातं. म्हणून वाफे केले ते उंच, बी बारीक रेतीत मिसळून टाकलं आणि वर माडाची चुडतं (झावळ्या) पसरली, कोंब दिसले की संध्याकाळी चुडतं उचलायची.

बी ठेवताना मी यंदा एक वेगळं केलंय. पहिल्या पुडीतली जी दोन रोपं त्या मेच्या पावसात मानेतून कुजली नाहीत, त्यांच्यावरचं एकेक पडवळ तोडलंच नाही, वेलावरच लालभडक पिकू दिलं. त्यांचं बी राखेत घोळवून वेगळ्या बाटलीत ठेवलंय, बाटलीवर "मे" असं लिहून. पुढच्या वर्षी पहिल्या हप्त्यात तेच घालणार. थोडं जास्तीचं आहे, आपल्या बाजूच्या कोणाला लावून बघायचं असेल तर सांगा, देईन. फक्त सगळं एकदम घालू नका.