कागद कुठे ठेवायचे

धायरीहून आलेल्या एका बाईंना (ओळखीच्या खुणा मी बदलल्या आहेत) मारहाण कुठल्या वारी झाली ते सांगता येईना. गॅसवरची आमटी उतू जात होती आणि खाली भाजीवाला ओरडत होता, एवढे मात्र लख्ख आठवत होते. समुपदेशनाच्या कामात नवी असताना अशा सांगण्यावर मीही मनातून शंका घेत असे. जिवाच्या भीतीने अंग थिजते, आवाज फुटत नाही आणि मागाहून आठवणींचे तुकडे तेवढे हाती लागतात, हे उमगल्यावर ‘तुम्ही ओरडला का नाहीत?’ असे विचारणे मी सोडून दिले.

आता मी विचारते, की नवरा बिथरणार हे तुम्हाला कशावरून कळते? ‘चपला काढण्याच्या आवाजावरून,’ त्या लगेच म्हणाल्या. मग ठरले, की तसा आवाज आला की सुरी आणि गॅस असलेल्या स्वयंपाकघरात थांबायचे नाही, बाहेरच्या दाराजवळ राहायचे. मुलीने शेजारच्या काकूंकडे कोथिंबीर मागायला जायचे आणि ती खूण ओळखून काकूंनी पोलिसांच्या 112 ला फोन लावायचा. आधार कार्ड, पासबुक, मुलीचा जन्मदाखला, दवाखान्याचे कागद यांच्या झेरॉक्स बहिणीकडे ठेवायच्या. ही यादी मी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली नाही. पूर्वी एकीला पाठवली होती, ती नवऱ्याने वाचली आणि त्या रात्रीचा मार माझ्या निष्काळजीपणामुळे तिला खावा लागला.

बाई घर सोडायला निघते तो काळ फार धोक्याचा असतो, आणि नवऱ्याने कधी गळा दाबला असेल तर जिवाचा धोका कैक पटींनी वाढतो. म्हणून ‘आजच निघा’ असा सल्ला मी सरसकट देत नाही. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने तिला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला आहे, आणि न्यायालयाचा संरक्षण आदेश मोडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पुण्याच्या शिवाजीनगर न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो, हे सुशिक्षित घरांतही ठाऊक नसते. सल्ल्यासाठी 181 ही महिला हेल्पलाइन आहेच.

पुढच्या वेळी त्या आल्या तेव्हा झेरॉक्स बहिणीकडे पोचल्या होत्या. मुलीने रंगीत तालीमही केली होती, पण काकूंनी खरोखरच कोथिंबिरीची जुडी तिच्या हातात ठेवली आणि त्यांना सगळे पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगावे लागले.