एक रेघ, दोन रेघा

झ्युरिकजवळच्या ज्या कार्यशाळेत मी जुनं फर्निचर दुरुस्त करतो, तिथे गेल्या हिवाळ्यात अक्रोडाचं, बरोक या जुन्या युरोपीय शैलीतलं एक जेवणाचं टेबल आलं. अठराव्या शतकातलं. पाय खरादावर काढलेले, वरच्या पाटीत मधोमध काळ्या स्लेटचा दगड. इकडच्या जुन्या टेबलांत हा दगड बऱ्याचदा दिसतो. गरम भांडं थेट त्यावर ठेवलं तरी लाकडाला डाग पडत नाही.

मालकीणबाई ऐंशीच्या पुढच्या. म्हणाल्या, "एका टोकाची फळी ओढली की तीन मिलिमीटर खाली राहते, दुसरीकडची तेवढीच वर येते. लग्न होऊन आले तेव्हापासून असंच आहे. आता रंधा मारून सगळं सारखं करून द्या."

मला ते ऐकवेना. रंध्याखाली गेलेलं लाकूड परत येत नाही. म्हटलं, आधी उघडून बघू द्या.

या टेबलांची रचना मला फार आवडते. वरच्या पाटीखाली दोन फळ्या लपलेल्या असतात. प्रत्येकीच्या पोटाला दोन लांब, निमुळत्या पट्ट्या. फळी बाहेर ओढत गेलं की त्या उतारामुळे ती हळूहळू वर चढते आणि शेवटी पाटीच्या रेषेत येऊन बसते. ना बिजागरी, ना स्प्रिंग. पण उतार केसभर चुकला तरी जेवताना ताटाखाली जाणवतो.

पाटी उचलली तर आतल्या फळ्या गडद तपकिरी, आणि पाटी मात्र मधासारखी. उजेडानं अक्रोड फिका होतो. टेबलाचा मूळ रंग आत अंधारात टिकून राहिला होता. फळ्या काढून उलट्या केल्या, बॅटरी तिरपी धरली. एका फळीच्या पट्टीवर पटाशीनं मारलेली एक रेघ, दुसऱ्या फळीच्या पट्टीवर दोन. चिपळूणला आजोबा दाराच्या चौकटी जुळवताना अश्शाच खुणा करायचे. मग चौकटीच्या खाचांजवळची धूळ पुसली. तिथेही रेघा होत्या, पण एकीसमोर दोन आणि दोनसमोर एक. कधीतरी कुणीतरी फळ्या अदलाबदल करून बसवल्या होत्या.

फळ्या जागच्या जागी घातल्या, पट्ट्यांना थोडं मेण लावलं, बस्स.

बाई न्यायला आल्या तेव्हा मी फळी ओढली नाही, त्यांनाच ओढू दिली. त्यांनी जोडावरून तळहात फिरवला, मग उलट दिशेनं पुन्हा. आणि म्हणाल्या, "त्या रेघा मला दाखवा."